मालकाला लाभार्थी करू नका : गडचिरोलीतून शासनाला खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, माननीय आदिवासी विकास मंत्री
आणि दोन्ही विभागांचे सचिव,
महाराष्ट्र शासन.

सेवा जोहार.

गेल्या तेंदू हंगामाचा, म्हणजे विडीच्या पानांच्या हंगामाचा, हिशेब लागायच्या आतच आमच्या भागात एक बैठक झाली. साहेब लोक होते, ग्रामसभांचे प्रतिनिधी होते, मीही होते. तिथे आम्हाला सांगण्यात आले की ग्रामसभांना धंदा जमत नाही, व्यापारी फसवतात, हिशेब अडकतात; त्यापेक्षा बांबू आणि तेंदू एखाद्या महामंडळाकडे नाहीतर मोठ्या कंपनीकडे सोपवावा, ग्रामसभेने वर्षाकाठी रॉयल्टी घ्यावी आणि निवांत राहावे. याचा लेखी आदेश निघालेला नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे आदेश येण्याआधी असाच बोलण्यातून येतो, आणि त्या वेळी जो गप्प बसला त्याची संमती धरली जाते. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघड लिहिते आहे.

मी धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावची. आमच्या ग्रामसभेच्या हिशेब समितीत काम करते. घरात गोंडी बोलतो, हिशेब मराठीत लिहितो. माझी आई दर वर्षी धान कापून झाले की मिरची तोडायला तेलंगणात जायची, तेव्हा तो आंध्र होता. आम्ही भावंडे आजीजवळ राहायचो. ग्रामसभेने तेंदूपत्ता स्वतः विकायला घेतला आणि दोन-तीन हंगामांत तिचे जाणे थांबले. माझे शिक्षण त्यानंतर पुरे झाले. त्यामुळे ‘ग्रामसभेला धंदा जमत नाही’ हे वाक्य माझ्याने नुसते ऐकून घेणे होणार नव्हते.

रॉयल्टी घेऊन बाजूला बसायला सांगणारे आपण पहिले नाही. आधी जंगलाचा तुकडा तोडायला घेणारे खासगी कूप ठेकेदार होते. त्यांची लूट थांबवायला बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ च्या सुमारास मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था काढल्या. कल्पना चांगली होती: जो झाड तोडतो त्यानेच संस्थेचा सभासद व्हावे, नफाही त्याचाच. महाराष्ट्र झाल्यावर त्या विदर्भातही पसरल्या. अनेक ठिकाणी मात्र सभासद आदिवासी राहिले आणि कारभार बाहेरच्यांच्या हातात गेला; अंगठा आमचा, सही दुसऱ्याची. १९६९ मध्ये तेंदूपत्त्याच्या व्यापाराचा कायदा आला आणि पान सरकारच्या ताब्यात गेले. १९७४ मध्ये वन विकास महामंडळ उभे राहिले. बांबू तर वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता, आणि त्याच बांबूची टोपली विणणाऱ्याला जंगलात शिरताना गार्डाची भीती वाटायची. या प्रत्येक व्यवस्थेत आमच्या माणसाला मजुरी मिळाली. काय तोडायचे, किती तोडायचे, कोणाला विकायचे, हे मात्र त्याला कोणीच विचारले नाही.

आमच्या जिल्ह्याने हे निमूट सोसले असेही नाही. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासी नेते लालश्याम शहा आणि बाबा आमटे यांच्यासोबत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत हजारो माणसे उतरली होती. त्याच हवेत आमच्याच धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि ती घोषणेपुरती ठेवली नाही. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने अभ्यास गट चालवला, मतदान न घेता सगळ्यांच्या सहमतीनेच निर्णय करायचा हा नियम पाळला, गावाचा कोष उभा केला. बहुमताने ठरवले तर काम लवकर होते, हे त्यांनाही माहीत होते. पण हरलेला गट जंगलात जाऊन काय करतो, हेही माहीत होते. १९९६ मध्ये पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आला, २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्क मिळाला तरी बांबू बाहेर नेता येईना. कायद्याने बांबू गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारी इतर उपज), वन खात्याच्या लेखी ते झाड. म्हणून वाहतूक परवाना नाही. शेवटी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले. त्या दिवशी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात देण्यात आले. पुढच्या हंगामात त्या एका गावाची बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. साहेब, ‘जमत नाही’ म्हणण्याआधी एवढे तरी आठवायचे होते.

यानंतर वाट मोकळी झाली. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायला घेतला. २०१४ मध्ये पेसाचे राज्याचे नियम आले आणि बाकीच्यांनाही धीर आला. कोरची तालुक्यात गावांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, कारण एकेकट्या गावाला व्यापारी पाडून भाव मागतो आणि सगळी एकत्र बसली की त्यालाच भाव वाढवून बोलावे लागते. आज जिल्ह्यात हजारापेक्षा जास्त ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहे. आदिवासींच्या मालकीचा एवढा मोठा उद्योग महाराष्ट्रात दुसरा नाही. त्याला शेअर नाहीत, अध्यक्षाची गाडी नाही, शहरात कार्यालय नाही. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस त्याचा मालक आहे, आणि ही मालकी कोणाला विकता येत नाही.

तो कसा चालतो ते आपण येऊन पाहावे, आणि पाहायचे तर मे महिन्यात पाहावे. पहाटे अंधारातच बाया टॉर्च घेऊन जंगलात जातात. ऊन चढायच्या आत पाने घरी येतात आणि मग पडवीत म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे पुडे बांधायला बसतात. ७० पाने मोजून एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, पुडे रांगेने मांडायचे, मुन्शी मोजणार. कंत्राटदाराच्या काळात आमच्या फळीवर शंभरामागे चार पुडे जास्तीचे मांडावे लागत. फाटकी पाने निघतात म्हणून ते घ्यायचे, पण पाने फाटकी असोत की नसोत, चार जायचेच. ग्रामसभेने फळी हाती घेतल्यावर पहिल्या सभेत पहिला ठराव तोच झाला: शंभर म्हणजे शंभर. आता मुन्शी गावातलीच मुलगी असते. प्रत्येक घराचे कार्ड असते आणि रोजचा आकडा त्या घरातल्या बाईसमोर लिहिला जातो. भाव फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्याने सांगतात, रोज सांगतात, काल सांगितला असला तरी.

मजुरी देऊन जे उरते ते ग्रामकोषात जाते. त्यातून उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्या आणि रात्री जंगल राखणाऱ्या पोरांना मेहनताना जातो. कोणाला चंद्रपूर-नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर गाडीचे पैसे जातात. बारावीच्या पुढे शिकणाऱ्यांना मदत होते. गेल्या वर्षी बोडी (लहान तळे) खोल केली. मी वही सांभाळते म्हणून सांगते, एकेका खर्चावर सभेत तासन्‌तास वाद होतो, आणि व्हावाच.

पैसा हेच सगळे असते तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने काय केले असते? २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला. त्यांनी बांबूची विक्री सुरू केली आणि तेंदूपत्ता तोडणे सोडून दिले. पानासाठी झाडे छाटावी लागतात, आगी लागतात, आणि फळ धरत नाही. ते फळ पाखरांचे आणि माणसांचेही खाणे आहे. हातात येणारी रोख रक्कम एका गावाने स्वतः ठरवून नाकारली, आणि जंगलाचा एक भाग कायमचा न तोडता राखायचे ठरवले. असा निर्णय कुठल्या महामंडळाच्या ताळेबंदात बसेल? म्हणूनच विकायचे की नाही हे ठरवणे गावाच्या हातात राहिले पाहिजे.

आता आमच्या तक्रारी. त्या बैठकीत ज्या अडचणी आमच्या माथी मारल्या, त्यांतल्या बहुतेक शासनाच्या दारातून निघतात.

सगळ्यात मोठी गोष्ट थकबाकीची. वन खाते तेंदूचे युनिट (पाने तोडण्याचे ठरवून दिलेले क्षेत्र) लिलावात काढायचे तेव्हा खरेदीदाराकडून अनामत घ्यायचे, हप्ता भरल्याशिवाय गोदामातून माल हलू द्यायचे नाही, आणि पैसे बुडवणाऱ्याला काळ्या यादीत टाकायचे. ग्रामसभेने विकायला सुरुवात केली आणि हे सगळे संरक्षण एका रात्रीत गेले. व्यापारी आगाऊ रक्कम देतो, बोद (पानांची मोठी पोती) भरून माल उचलतो आणि उरलेल्या पैशासाठी फोन उचलत नाही. २०१७ मध्ये भाव खूप चढले, २०१८ मध्ये कोसळले, आणि त्या उलथापालथीत कितीतरी गावांचे पैसे अडकले. आमचेही एका व्यापाऱ्याकडे अडकले. आम्ही कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले, ‘तो तुमचा आणि त्यांचा आपसातला व्यवहार आहे.’ पोलिसांत गेलो तर दिवाणी बाब. वकील लावला तर त्याची फी ग्रामकोषातून. एका गावाचे पैसे बुडवणारा व्यापारी पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात वेगळ्या नावाने बोली लावतो, आणि त्याची माहिती त्या गावाला कोणीच देत नाही. माल सरकारचा होता तेव्हा जो खबरदारीचा नियम होता तो आमचा झाल्यावर का नको, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

दुसरे, भांडवल. हंगामात मजुरी आठवड्याला द्यावी लागते. ग्रामसभेजवळ तेवढी रोकड नसते आणि बँक कर्ज देत नाही. बँकेत विचारतात, तुमची नोंदणी कुठे आहे, सोसायटी आहात का, कंपनी आहात का, तारण काय. कायद्याने जिला वनोपजाची मालकी दिली, त्या ग्रामसभेला बँकेच्या अर्जात रकानाच नाही. मग व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घ्यावी लागते, आणि ती एकदा घेतली की भाव तो ठरवतो. गोदामाचेही तसेच. महिनाभर माल कोरडा ठेवता आला तर आम्ही थांबू शकतो. मृगाचे ढग दिसू लागले की थांबता येत नाही, आणि हे व्यापाऱ्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

तिसरे, परवाना. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट आहे की वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देईल, आणि गौण वनोपज गोळा करण्यावर रॉयल्टी, फी, कसलाही आकार लागणार नाही. तरीही ग्रामसभेच्या शिक्क्याची टीपी, म्हणजे हा वाहतूक परवाना, पाहून नाक्यावर गाडी थांबवतात. आमचा बांबूचा ट्रक एका नाक्यावर रात्रभर उभा होता. चालकाजवळ आमची टीपी होती, तिच्यावर गाडीचा नंबर, नगांची संख्या, समितीच्या सह्या, सगळे होते. ‘खात्याचा कागद आणा’ एवढेच सांगत होते. सकाळी मी नियमाची छापील प्रत घेऊन गेले तेव्हा गाडी सुटली. ट्रकवाल्याने पुढच्या खेपेला आमच्या गावाकडे यायला जास्त भाडे मागितले, आणि त्याचे चूक नव्हते. नियम मंत्रालयात बदलला, नाक्यापर्यंत पोहोचला नाही.

कराबद्दल थोडक्यात. तेंदूपत्त्यावर जीएसटी १८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले, त्याबद्दल आभार. पण कर लागू झाल्यापासूनची ती सगळी वर्षे व्यापाऱ्यांनी हा बोजा बोलीतून वजा केला, म्हणजे तो पहाटे उठणाऱ्या बाईच्या मजुरीतून गेला. आता तो कमी झाल्याचा फायदा तिच्यापर्यंत येतो की मधल्यामध्ये राहतो, हे कोणीतरी पाहायला हवे.

आणि जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क. कायदा सांगतो की ग्रामसभा आपल्या जंगलाचा आराखडा करील. आम्ही केला. बांबूचे कोणते बेट कोणत्या वर्षी कापायचे, कुठे चराई नको, मोह आणि चारोळीची झाडे कुठे राखायची, सगळे म्हाताऱ्यांना सोबत घेऊन नकाशावर मांडले. तो आराखडा दिला त्याची पोच आहे, उत्तर नाही. त्याच जंगलात मध्येच रोपवनाचे खड्डे खणायला मजूर येतात आणि आम्हाला खड्डे पाहून कळते. सामूहिक हक्काच्या जमिनीवर ग्रामसभेला न विचारता कुदळ पडू नये, यासाठी आणखी कोणता कायदा हवा आहे?

सगळ्या ग्रामसभा चोख आहेत असे मी म्हणणार नाही. काही गावांत चार माणसांनी कोष दाबून ठेवला आहे, काही ठिकाणी ऑडिट राहिले आहे, काही ठिकाणी सचिवाशिवाय कोणाला हिशेब माहीत नाही. या गोष्टी आमच्या सभांमध्ये उघड बोलल्या जातात. पण सहकारी कारखाना बुडाला म्हणून शेतकऱ्याची ऊसविक्री कोणी काढून घेत नाही. बँक अडचणीत आली तर तिच्यावर लेखापरीक्षक नेमतात, ठेवीदारांना रॉयल्टी घेऊन घरी बसा असे सांगत नाहीत. दोष हिशेबात असेल तर हिशेब शिकवा, तपासा. मालकी का काढता?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. ग्रामसभांच्या हक्कातला बांबू, तेंदू किंवा इतर वनोपज त्यांच्या लेखी ठरावाशिवाय कोणत्याही महामंडळाकडे किंवा कंपनीकडे सोपवला जाणार नाही, असे परिपत्रक काढावे. ठराव पूर्ण ग्रामसभेचा हवा, पदाधिकाऱ्यांच्या सहीचा नको.

२. ग्रामसभांकडून माल घेणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराची जिल्हास्तरावर नोंद आणि अनामत असावी. पैसे थकवणाऱ्यांची यादी दर वर्षी लिलावाच्या आधी प्रत्येक ग्रामसभेला मिळावी. अडकलेली जुनी रक्कम वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी मुदत ठरवून काम हाती घ्यावे.

३. ग्रामसभा आणि महाग्रामसभांसाठी हंगामी खेळते भांडवल कमी व्याजाने द्यावे, आणि त्यासाठी ग्रामसभेला आहे त्याच रूपात मान्यता द्यावी. कर्जासाठी आम्हाला कंपनी व्हायला लावू नये.

४. प्रत्येक तालुक्यात ग्रामसभांच्या ताब्यातले गोदाम बांधावे.

५. ग्रामसभेची टीपी ग्राह्य आहे, हे प्रत्येक नाक्यावर मराठीत मोठ्या फलकावर लावावे. तरीही गाडी अडवली तर लेखी कारण द्यावे.

६. ग्रामसभांनी सादर केलेल्या व्यवस्थापन आराखड्यांना लेखी उत्तर द्यावे, आणि त्या जमिनीवर कोणतेही रोपवन त्या आराखड्याबाहेर करू नये.

७. हिशेब आणि लेखापरीक्षणाचे शिक्षण गावातल्या मुलामुलींना द्यावे, शक्य तिथे गोंडीत. त्याचा खर्च शासनाने करावा. दर वर्षीचे ऑडिट सक्तीचे केले तरी आमची हरकत नाही, फक्त तो अहवाल आधी गावसभेत वाचला जावा.

यातले बरेचसे आपल्या दोन विभागांनी एका टेबलावर बसून महिन्याभरात करण्याजोगे आहे. पुढचा तेंदू हंगाम मे महिन्यात सुरू होईल, लिलावाची बोलणी त्याच्या कितीतरी आधी. म्हणून उत्तर त्याआधी हवे. ते माझ्या नावाने नको, जिल्ह्यातल्या ग्रामसभांच्या नावाने द्यावे. आमच्या सभेत ते मराठीत वाचले जाईल, गोंडीत सांगितले जाईल, आणि त्यावर गाव काय म्हणते ते ठराव करून आपल्याला कळवले जाईल.

आपली,
ग्रामसभेच्या हिशेब समितीतील एक सदस्य
तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली